नोकियाच्या गादीवर मायक्रोमॅक्स किती दिवस बसली

कऱ्हाडच्या एसटी स्टँडजवळ माझ्या चुलतभावाचं मोबाइलचं दुकान आहे. दुकानावरच्या बोर्डासाठी त्याने स्वतःच्या खिशातून आजवर एक रुपया घातलेला नाही. ज्या कंपनीचा जोर, तिचा माणूस येतो, माप घेतो, आठवड्याभरात बोर्ड चढतो. कंपनीचं नाव ठळक, दुकानाचं कोपऱ्यात बारीक. आधी तिथे नोकिया होती. मग मायक्रोमॅक्स आली. ती उतरली तेव्हा लोखंडी चौकट तशीच ठेवून तिच्यावर विवोचा निळा पत्रा ठोकला गेला. बाजारातल्या वाट्याचे तक्ते मी पुढे पुष्कळ पाहिले, पण चौकट तीच आणि पत्रा नवा हा प्रकार आधी तिथे बघितला.

हे प्रकरण मधल्या पत्र्याचं आहे.

एप्रिल ते जून २०१४ या तिमाहीचे भारतातले आकडे काउंटरपॉइंट या संशोधन संस्थेने जाहीर केले. साधे आणि स्मार्ट असे सगळे हँडसेट धरून मायक्रोमॅक्स १६.६ टक्के, सॅमसंग १४.४, नोकिया १०.९. गुडगावच्या या कंपनीने पहिला फोन विकायला काढून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१६ या तिमाहीत आयडीसी या दुसऱ्या संशोधन संस्थेने स्मार्टफोनच्या पहिल्या पाच कंपन्या दिल्या त्या अशा: सॅमसंग, शाओमी, लेनोव्हो, ओप्पो, विवो. मायक्रोमॅक्स नाही, इंटेक्स नाही, लावा नाही. भारतीय नावच नाही. वर जायला सहा वर्षं लागली, खाली यायला अडीच पुरली.

याचं चहाच्या टपरीवरचं उत्तर ठरलेलं असतं: चिनी माल स्वस्त पडला. मला ते पटत नाही. मायक्रोमॅक्सचा मालही चीनमध्येच बनून येत होता आणि बऱ्याचदा तो जास्त स्वस्त होता. दुसऱ्याने उघडी ठेवलेली फट सगळ्यांच्या आधी ओळखणं, हा या कंपनीचा खरा धंदा होता. फटी होत्या तोवर ती वाढली. ज्यांच्याकडून ती माल भरत होती त्यांच्याच शेजारपाजारचे लोक स्वतः दुकान मांडून बसले, तेव्हा फट उरली नाही.

नोकियाचा दरारा

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तो नोकियाच्या हँडसेटवरून. पुढची बारा-तेरा वर्षं आपल्याकडे मोबाइल म्हणजे नोकिया असंच समीकरण होतं. २००३ साली आलेल्या ११०० या मॉडेलला वर टॉर्च होती, धूळ आत जाऊ नये म्हणून कीपॅडवर अखंड रबर होतं, आणि जगभरात तो २५ कोटींहून जास्त विकला गेला. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला कारखाना सुरू झाला. देशात विकल्या जाणाऱ्या फोनांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या नोकियाचे असत. आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानात येऊन "फोन दाखवा" म्हणत नसे. "नोकियात काय आहे?" असंच विचारत असे.

ऑगस्ट २००७ मध्ये कंपनीने बीएल-५सी या बॅटरीबद्दल इशारा दिला. चार्जिंग करताना ती तापू शकते. मात्सुशिता या जपानी कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांचा प्रश्न होता. घबराट एवढी की लोक फोन उशापासून लांब, अंगणात ठेवून झोपले. पण बॅटरीवरचा २६ अक्षरी क्रमांक तपासून बदलून देण्याची यंत्रणा कंपनीने उभी केली आणि प्रकरण निभावलं. या तडाख्यातून जी कंपनी सुखरूप बाहेर पडली, तिला पुढे दोन सिमकार्डांच्या खाचेने गाठलं.

वीज आणि दुसरं सिम

मायक्रोमॅक्स २००० साली सुरू झाली ती सॉफ्टवेअर आणि संगणकाच्या धंद्यात. राहुल शर्मा, राजेश अग्रवाल, विकास जैन आणि सुमीत अरोरा हे चौघे भागीदार. मोबाइलकडे वळण्याआधी ते पीसीओचे, म्हणजे सार्वजनिक फोन बूथचे, बिनतारी फोन विकत असत. बंगालमधल्या बहरमपूरकडच्या एका गावाची गोष्ट राहुल शर्मांनी अनेकदा सांगितली आहे. तिथे वीज नव्हती आणि पीसीओ ट्रकच्या बॅटरीवर चालायचा. बूथवाला रोज रात्री ती बॅटरी सायकलवर लादून शेजारच्या गावी नेई आणि रात्रभर चार्ज करून सकाळी परत आणी. त्यातून २००८ साली एक्स१आय हा फोन निघाला. तीस दिवस स्टँडबाय, हीच त्याची जाहिरात.

त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन काय होतं, हे ज्यांनी काढलंय त्यांना या फोनची किंमत वेगळी समजावून सांगायला नको. वीज यायची ती रात्री अवेळी, आणि आली की आधी विहिरीवरची मोटर चालू करायला पळायचं. फोनचं चार्जिंग राहून जायचं. कऱ्हाडच्या बाजारात तेव्हा काही पानटपऱ्यांवर दोन-पाच रुपयांत फोन चार्ज करून मिळत असे. एका बोर्डला दहा-बारा वायरी आणि ओळखीसाठी प्रत्येक फोनला चिठ्ठी. अशा ठिकाणी महिनाभर टिकणारा फोन म्हणजे चैन नव्हती.

पण तीस दिवसांच्या बॅटरीने मायक्रोमॅक्सला नुसती ओळख दिली. वाटा मिळवून दिला तो दोन सिमांनी. २००८ नंतर नव्या ऑपरेटरांची रांग लागली. जून २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा दर आणला आणि सगळ्यांना त्या मागे यावं लागलं. एका कंपनीचं रात्रीचं बोलणं स्वस्त, दुसरीचे एसएमएस फुकट, तिसरीची रेंज गावात येते. लोकांनी दोन-दोन सिम घेतली. कॉल करायच्या आधी बॅटरी काढून सिम बदलायचं, बोलून झालं की पुन्हा जुनं घालायचं. सिमची सोनेरी पट्टी घासून पांढरी व्हायची.

आपल्याकडे याला आणखी एक कारण होतं, जे दिल्लीच्या विश्लेषकांच्या लिखाणात सहसा येत नाही. दूरसंचारच्या नकाशात मुंबई हे एक सर्कल, म्हणजे सेवेचा वेगळा विभाग, आणि उरलेला महाराष्ट्र अधिक गोवा हे दुसरं. म्हणजे तेव्हा परळला घेतलेलं कार्ड चिपळूणला किंवा पाटणला गेलं की रोमिंगवर जाई, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याच्या पाकिटात गावाकडचं एक सिम कागदात गुंडाळलेलं असायचंच. दोन्ही सिम एकाच वेळी चालू राहणारा फोन या माणसाला कुणी समजावून विकावा लागला नाही.

नोकियाकडे तो नव्हता. दोन सिमचा सी१-०० तिने जाहीर केला जून २०१० मध्ये, आणि त्यातही एका वेळी एकच सिम चालू राही. दुसरं हवं असेल तर बटण दाबून ठेवायचं. दोन्ही सिम जागी ठेवणारा सी२-०० भारतात यायला २०११ उजाडलं. इतका उशीर का? नोकिया जगभर ऑपरेटरांच्या हातात हात घालून वाढली होती. युरोपात फोन ऑपरेटरच्या दुकानात, ऑपरेटरच्या सवलतीत विकला जाई, आणि कुठल्या ऑपरेटरला आपल्या गिऱ्हाइकाने शेजारच्याचं सिम बाळगावं असं वाटेल? हेलसिंकीजवळच्या मुख्यालयातून जगाकडे बघताना दोन सिमचा फोन हा गरीब देशांचा जुगाड दिसला असणार. इथे तर तो दर दुसऱ्या माणसाला हवा होता.

पंधरा शून्यं

ती मागणी आधी भागवली चायना फोनांनी. मुंबईत मनीष मार्केटमधून, आमच्याकडे बाजाराच्या दिवशी पथारीवर. चार-चार स्पीकर, टीव्हीचा अँटेना, दोन सिम, बिल नाही, वॉरंटी नाही. त्यांना लगाम घातला सरकारने, आणि तोही सुरक्षेच्या कारणावरून. ज्या फोनला खरा आयएमईआय, म्हणजे हँडसेटची ओळख पटवणारा पंधरा आकडी, क्रमांक नाही त्याची सेवा ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद करा, असा आदेश ऑपरेटरांना होता. मुदत आधी पुढे ढकलली गेली होती. या वेळी ती पाळली गेली.

त्या आठवड्यातली एक दुपार मला आठवते. धोतरातले एक आजोबा दुकानात आले, हातात लाल-सोनेरी चायना फोन.

"बंद पडणार म्हणत्यात, खरं का रं?"

"आबा, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा."

त्यांनी फोन भावाकडेच दिला. त्याने दाबलं. पडद्यावर ओळीने पंधरा शून्यं आली. आबांनी ती मोजली नाहीत, पण भावाचा चेहरा बघितला.

"नंबर घालून मिळतोय म्हणे शहरात. एकशे नव्याण्णव रुपये," भाऊ म्हणाला.

"आणि नवा केवढ्याला?"

मोबाइल उद्योगाच्या संघटनांनी १९९ रुपयांत क्रमांक बसवून देण्याची सोय खरोखरच काढली होती. पण आबांनी नवाच घेतला: मायक्रोमॅक्सचा, दोन सिमचा, खोक्यासह, बिलासह. घरी जाताना खोकं त्यांनी पिशवीत न घालता हातात धरलं होतं.

बाजार कसा सरकतो ते या एका विक्रीत दिसतं. आबांची गरज बदलली नाही, फोनचं आतलं सामानही फारसं बदललं नाही. बदललं ते एवढंच, की आता त्या सामानाला कुणीतरी नाव देत होतं, क्रमांक देत होतं आणि तक्रार ऐकायला एक दार देत होतं. तैवानच्या मीडियाटेकने चिप आणि तिच्याभोवतीची सगळी आखणी तयार स्वरूपात विकायला काढली होती. चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्यात गेलं की हव्या त्या रंगात, हव्या त्या स्पीकरसह फोन तयार. आपल्याकडे मिरची डंकावर कुटून आणतात आणि पिशवीवर स्वतःच्या घरगुती मसाल्याचा छाप मारतात, तसं हे. छाप मारणाऱ्याला फक्त दोन गोष्टी कळाव्या लागतात: लोकांना तिखट किती लागतं, आणि दुकानदाराला किती सुटलं पाहिजे.

मायक्रोमॅक्सला दोन्ही कळत होतं. डिस्ट्रिब्यूटरकडून पैसे आगाऊ घ्यायचे, उधारी ठेवायची नाही, पण बदल्यात नोकियापेक्षा जास्त मार्जिन द्यायचं. नोकियाच्या फोनवर दुकानदाराला सुटायचं ते चहापाण्यापुरतं. गिऱ्हाईक नाव घेऊनच येतं म्हटल्यावर कंपनीने जास्त का द्यावं? मायक्रोमॅक्सच्या फोनवर सुटायचं ते मोजण्यासारखं. मग दुकानदारच गिऱ्हाइकाला म्हणू लागला, "हा बघा की, याच्यात मेमरी कार्डपण येतंय." कार्बन, लावा, स्पाइस, मॅक्स, इंटेक्स असे अनेक जण याच वाटेने आले. क्रिकेटवर सगळ्यांचा डोळा. २०१० चा आशिया चषक मायक्रोमॅक्सच्या नावाने झाला, आयपीएलमध्ये झेल 'कार्बन कमाल कॅच' झाला. टीए असोसिएट्स आणि सिकोइया यांच्यासारखे गुंतवणूकदार मायक्रोमॅक्समध्ये आले. २०१० मध्ये शेअर बाजारात उतरायचे कागद दाखल झाले. २०११ मध्ये ते मागे घेतले गेले.

मला वाटतं, तिथे एक वळण चुकलं. बाजारातून उभा राहिलेला पैसा सॉफ्टवेअरची, कॅमेऱ्याची, आरेखनाची स्वतःची माणसं ठेवण्यात गेला असता की आणखी एका क्रिकेट मालिकेत, ते सांगता येत नाही. पण तो आलाच नाही.

पाच इंच

नोकियाचं पुढचं दैव सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे मुख्याधिकारी स्टीफन इलॉप यांनी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनशी गाठ बांधली, अँड्रॉइड नाकारलं. एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोन-धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. कराच्या वादात अडकलेला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना त्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला.

रिकाम्या जागेतला वरचा मजला सॅमसंगने घेतला. तिचे मोठ्या पडद्याचे फोन तीस हजारांच्या पुढे होते. २०१२ च्या शेवटी मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २, म्हणजे ए११०, दहा हजारांच्या आत आला. पाच इंची पडदा, दोन सिम, ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा. भावाच्या दुकानात या फोनसाठी मी पहिल्यांदा नावांची यादी पाहिली. वहीचं पान, त्यावर अकरा नावं आणि प्रत्येकापुढे बयाण्याची रक्कम. सॅमसंगने दोन सिम आणि पाच इंचांचं उत्तर दिलं ते जानेवारी २०१३ मध्ये गॅलेक्सी ग्रँडने, २१,५०० रुपयांना. दुप्पट पैसे. पुन्हा तीच गोष्ट: मोठ्याने उशीर केला, फट ठेवली, मायक्रोमॅक्स आत शिरली. ऑक्टोबर २०१३ मध्ये हॉलिवूडचा नट ह्यू जॅकमन जाहिरातीत आला, आणि २०१४ च्या त्या तिमाहीत कंपनी पहिल्या नंबरावर पोचली.

वाटा मोजतात तरी कसा?

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं भांडण आकड्यांवरूनच झालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये कॅनालिस या संस्थेने म्हटलं, की २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत स्मार्टफोनमध्येही मायक्रोमॅक्स पुढे गेली: २२ टक्के, सॅमसंग २०. त्याच तिमाहीसाठी आयडीसीचे आकडे उलटे होते: सॅमसंग २२, मायक्रोमॅक्स १८. सॅमसंगने तर जीएफके या आणखी एका संस्थेच्या मोजणीचा हवाला देऊन आपणच कितीतरी पुढे असल्याचं सांगितलं.

कोण खोटं बोलत होतं? बहुधा कुणीच नाही. कॅनालिस, आयडीसी, काउंटरपॉइंट मोजतात ती कंपनीने बाजारात पाठवलेली खोकी. कंपनीच्या गोदामातून निघून भिवंडीला डिस्ट्रिब्यूटरच्या गोदामात पडलं, की खोकं मोजलं गेलं. जीएफके दुकानाच्या काउंटरवरून गिऱ्हाइकाच्या हातात गेलेली मोजते. दोन्हींच्या मध्ये गोदाम असतं, दुकानाचा माळा असतो, आणि दिवाळीच्या स्कीमखाली गळ्यात मारलेला माल असतो. भावाच्या माळ्यावर एका कंपनीचे चाळीस हँडसेट सात महिने पडून होते. परत घ्यायला कुणी आलं नाही. आकड्यांत ते चाळीसही कुणाच्या तरी वाट्यात मोजले गेले असतील. म्हणून वाटा वाचताना तो साध्या फोनांसह आहे की फक्त स्मार्टफोनचा, नगांचा आहे की रुपयांचा, पाठवलेल्या मालाचा आहे की विकलेल्या, हे आधी विचारावं. २०१४ च्या मध्यात सगळे फोन धरून मायक्रोमॅक्स पहिली होती. पण फक्त स्मार्टफोन घेतले तर काउंटरपॉइंटच्याच तक्त्यात सॅमसंग २५.३ आणि मायक्रोमॅक्स १९.१ होती. मथळे पहिल्या तक्त्याचे झाले.

पुरवठादाराच्या गल्लीतले लोक

जयघोष चालू असतानाच फट बुजायला लागली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटोरोलाचा मोटो जी फक्त फ्लिपकार्टवर आला, १२,४९९ रुपयांपासून. दुकान नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. जुलैमध्ये शाओमीचा एमआय ३ तसाच आला, १३,९९९ ला. सप्टेंबरमध्ये रेडमी १एस, ५,९९९ ला. ठरल्या दिवशी दुपारी विक्री उघडायची आणि काही सेकंदांत माल संपायचा. आमच्या गल्लीतली कॉलेजची पोरं सायबर कॅफेत चार-चार संगणक अडवून बसायची.

मायक्रोमॅक्सला दिसलं नाही असं नाही. उलट सगळ्यात आधी तिलाच दिसलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिने यू नावाचा वेगळा ब्रँड काढला, अँड्रॉइडवर आधारलेलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सायनोजेन या अमेरिकी कंपनीशी करार केला आणि ८,९९९ रुपयांचा युरेका हा फोरजी फोन ॲमेझॉनवरून विकला. सायनोजेनचे भारतातले हक्क आपलेच, म्हणून तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वनप्लस या चिनी कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन तिची विक्री काही दिवस थांबवलीही. पण बारकाईने बघा: यूमध्ये शेनझेनचं यंत्र होतं, सायनोजेनचं सॉफ्टवेअर होतं आणि ॲमेझॉनचं दुकान होतं. मायक्रोमॅक्सचं स्वतःचं त्यात नाव तेवढं होतं, आणि तेही अर्धंच लावलेलं. सायनोजेनने २०१६ च्या अखेरीस गाशा गुंडाळला. डिसेंबर २०१५ चा युटोपिया, २४,९९९ रुपयांचा, चालला नाही.

तिकडे घरात ओढाताण सुरू होती. एअरटेलचे माजी प्रमुख संजय कपूर २०१४ मध्ये अध्यक्ष म्हणून आले आणि वर्षभरात गेले. अलिबाबाशी मोठ्या गुंतवणुकीची बोलणी २०१५ मध्ये फिसकटली. मुख्याधिकारी विनीत तनेजा २०१६ च्या सुरुवातीला बाहेर पडले. मालक चौघे, वर बाहेरून आणलेले व्यवस्थापक, आणि मागे कधी विकायचं याचा हिशोब करणारे गुंतवणूकदार. या मांडणीत पाच वर्षांनी फळ देणाऱ्या कामाची मागणी कोण करणार?

स्वतःचं म्हणावं असं एक काम मात्र त्यांच्या हाताशी आलं होतं, आणि त्यात मराठी माणसं होती. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि त्यांच्या साथीदाराने फर्स्टटच नावाची, पुढे इंडस ओएस म्हणून ओळखली गेलेली, अँड्रॉइडवर आधारलेली प्रणाली बनवली. बोट उजवीकडे सरकवलं की इंग्रजी संदेशाचा मराठी अनुवाद, डावीकडे सरकवलं की लिप्यंतर. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ वर ती आली. माझ्या मावशीने पहिला एसएमएस त्यावरच लिहिला. 'पोचले' या एका शब्दाला तिला पाच मिनिटं लागली, पण तो देवनागरीत होता. शाओमीला वर्षानुवर्षं जमलं नसतं असं हे अंग होतं. मायक्रोमॅक्सने ते आपल्या स्वस्त फोनांपुरतं ठेवलं, कॅनव्हासच्या माथ्यावर कधी मिरवलं नाही. इंडस ओएस पुढे फोनपेने विकत घेतली.

२०१६ ची तिहेरी माती

शेवटचे घाव एकाच वर्षात बसले. २०१६ च्या आयपीएलला विवोचं नाव लागलं. २०१८ पासूनच्या पाच मोसमांसाठी विवोने २,१९९ कोटींची बोली लावली, आणि २०१७ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर ओप्पो आली ती १,०७९ कोटींना. ओप्पो-विवोने ऑनलाइनचा नाद न करता थेट दुकानं धरली. मायक्रोमॅक्सनेच शिकवलेला धडा दसपट पैशांनी गिरवला: मार्जिन, बोर्ड, आणि काउंटरच्या या बाजूला कंपनीच्या टी-शर्टातला पगारी पोरगा. त्या पोराचा पगार भावाला द्यावा लागत नव्हता. तो दिवसभर दुकानात बसून सेल्फी काढून दाखवायचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. तिच्याकडे टूजी-थ्रीजी नव्हतंच, बोलणंसुद्धा फोरजीवर. भारतीय कंपन्यांच्या गोदामांत थ्रीजीचा माल होता. रातोरात तो जुना झाला. "जिओ चालतं का?" हा एकच प्रश्न गिऱ्हाईक विचारी, आणि 'नाही' म्हटलं की पाठ फिरवी.

आणि ८ नोव्हेंबरची नोटबंदी. दहा हजारांच्या आतला फोन ग्रामीण महाराष्ट्रात रोखीने विकला जाई. ऊसबिलाचे, दुधाच्या पगाराचे पैसे. पुढचे दोन महिने गल्ल्यात सुट्टेही नव्हते. डिस्ट्रिब्यूटरकडून आगाऊ रोख घ्यायची, ही मायक्रोमॅक्सची जमेची पद्धत तिच्यावरच उलटली. ज्यांच्याकडे क्रेडिट देण्याइतकी गंगाजळी होती ते तगले.

जानेवारी २०१७ मध्ये रेडमी नोट ४ आला. सुरुवातीची किंमत ९,९९९. तो आणि २०१२ चा कॅनव्हास २ मी एकदा शेजारी ठेवून बघितले. जवळपास सारखे पैसे, मध्ये चार वर्षं. कॅनव्हासमध्ये ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण, २,००० एमएएचची बॅटरी. नोट ४ मध्ये २ जीबी, ३२ जीबी आणि ४,१०० एमएएच. दोन दिवस टिकणारी बॅटरी! ज्या गोष्टीवर मायक्रोमॅक्स उभी राहिली ती गोष्ट आता शाओमी विकत होती, आणि पिशवीवर छाप मारणाऱ्याकडे तिला उत्तर नव्हतं, कारण डंक त्याचा नव्हता. त्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत आयडीसीने शाओमी आणि सॅमसंग दोघींना २३.५ टक्के दिले. चौथ्या तिमाहीत शाओमी २६.८, सॅमसंग २४.२.

पुढचं भावाच्या बोर्डावर वाचता येतं. शाओमीची सद्दीही कायमची ठरली नाही. २०२२ च्या शेवटच्या तिमाहीत काउंटरपॉइंटने सॅमसंगला वर दाखवलं आणि २०२४ च्या वर्षभराच्या गणतीत आयडीसीने विवोला.

मायक्रोमॅक्सने २०२० मध्ये, गलवाननंतर चिनी मालावर राग होता तेव्हा, 'इन' या नावाने पुन्हा फोन काढले. इन नोट १ होता १०,९९९ ला. भावाच्या दुकानात दोन आले होते. एक गिऱ्हाईक तो हातात घेऊन म्हणालं, "ही कंपनी अजून आहे व्हय?" आणि रेडमी घेऊन गेलं.

कंपनी आहे. तिच्या घरातली भगवती प्रॉडक्ट्स आता दुसऱ्या ब्रँडांसाठी कारखान्यात मोबाइल जोडून देते. खोक्यावर नाव दुसऱ्याचं असतं.